सातव्या रिळात मरणारा मित्र

त्या नटाचं नाव मी इथे लिहिणार नाही. एक तर आज ते कुणाला आठवत नाही, आणि दुसरं म्हणजे माझं आता त्याच्याशी पटत नाही. मेलेल्या माणसाशी न पटणं हा शुद्ध वेडेपणा आहे असं बायको म्हणते. असेलही. माझा राग पटकन येतो आणि जायला मात्र वर्षं लावतो, त्याला मी तरी काय करणार.

लहानपणी नाशकात दर रविवारी सकाळी साडेनऊला एका थेटरात जुने इंग्रजी सिनेमे लागायचे. वडील मला सायकलच्या दांडीवर बसवून घेऊन जायचे. पडद्यावरचं इंग्रजी त्यांना फारसं कळायचं नाही, मला तर अजिबातच नाही. पण हा नट दिसला की वडील माझा गुडघा दाबायचे आणि कुजबुजायचे, "हा बघ. हा आता मरणार." आणि तो मरायचाच. कारण तो हिरो नसायचा, हिरोचा मित्र असायचा. उंच, किंचित पोक काढून चालणारा, डावी भुवई कायम वर. हिरोवर झाडलेली गोळी मध्ये पडून आपल्या छातीवर घ्यायची आणि हिरोच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटायचे, हेच त्याचं काम. वडिलांच्या मते तो नेमका सातव्या रिळात जायचा. रिळं त्यांनी कशी मोजली देव जाणे, पण आम्ही दोघं मनातल्या मनात वाट बघत असायचो. परत येताना हिरोबद्दल चकार शब्द निघायचा नाही. "मित्र असावा तर असा," एवढं वडील म्हणायचे आणि जोरात पायडल मारायचे.

वडील गेले त्या वर्षी रद्दीच्या दुकानात मला या नटाचं जाडजूड इंग्रजी चरित्र सापडलं. मागचा पुठ्ठा फाटलेला, कोपरा वाळवीने खाल्लेला. पुढे कतारला आलो तेव्हा बॅगेत लोणच्याच्या बरण्यांच्या मध्ये तेच कोंबून आणलं.

दोहात मी एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर होतो. लुसैलला आमचे दोन टॉवर चढत होते. राहायला अल दुहैलच्या एका कंपाउंडमध्ये कंपनीचा व्हिला होता. घरात मी, बायको आणि आमची आठवीतली मुलगी. मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "जेवलीस का?" "आय डिड, बाबा." असं आमचं चालायचं.

शेजारच्या व्हिलात दादा आणि वहिनी राहायचे. दादा म्हणजे नात्यातले कुणी नव्हेत. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे, चिपळूणकडचे, आमच्याच कंपनीत काँट्रॅक्ट्स विभागात. त्यांचा मुलगा तिकडे पुण्यात नोकरीला लागलेला. त्यामुळे आमच्या मुलीचे लाड करायला त्यांना भरपूर वेळ होता. आम्ही गेलो त्या पहिल्या दिवशी वहिनींनी आमटीभात पाठवला आणि दादांनी गॅसच्या शेगडीची नळी स्वतः बसवून दिली. परदेशात असा शेजार मिळणं म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. सहा वर्षं आमच्या दोन घरांच्या मधलं फाटक कधी लागलं नाही.

ऑफिसला आम्ही एकाच गाडीने जायचो. एक आठवडा त्यांची गाडी, एक आठवडा माझी. अल दुहैल ते लुसैल म्हणजे खरं तर पंधरा मिनिटं. पण फुटबॉलचा वर्ल्ड कप यायचा होता आणि त्यापायी सगळं शहर उकरून ठेवलेलं होतं. काल जिथे गोलचक्कर होतं तिथे आज सिग्नल, आज सिग्नल तर पुढच्या रविवारी लाल-पांढऱ्या प्लास्टिकच्या अडथळ्यांची भिंत. पाऊण तास लागायचा. दादांना रेडिओ बिलकूल सोसायचा नाही. "सकाळी सकाळी तो कोकलतो कशाला कानात?" म्हणायचे. मग बोलायचं काय? ऑफिसचं बोललं की दोघांचंही डोकं फिरायचं. म्हणून एका सकाळी मी नटाचं आयुष्य सांगायला घेतलं.

दादांनी त्याचा एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. पण गोष्ट त्यांना इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या, पट्टा लावायच्या आधीच त्यांनी विचारलं, "काय रे मेल्या, पुढे काय झालं त्याचं?"

मग रोजचाच तो रिवाज झाला. मी सांगत गेलो. हा नट गव्हाच्या शेतांमधल्या एका धुळकट गावात जन्मला. बाप न्हावी. पोराच्या हातात बाराव्या वर्षी वस्तरा आला. माणसांचे चेहरे तो तिथे शिकला, कारण आरशात बघणारा माणूस न्हाव्याकडे लक्ष देत नाही, आपले भाव आपणच बघत बसतो. विशीत तो सिनेमाच्या शहरात आला आणि एका खानावळवजा घरात माडीवरच्या खोलीत राहिला. तिथे त्याला एक मित्र भेटला. हाही नट व्हायला आलेला, बुटका, विनोदी, सारखा गुणगुणणारा. दोघांत मिळून चांगल्या बुटांचा एकच जोड होता. ज्याची स्टुडिओत परीक्षा असेल त्याने तो घालायचा. मित्राचा पाय लहान, म्हणून तो पुढे वर्तमानपत्राचा बोळा कोंबायचा. ज्याला काम मिळेल त्याने दुसऱ्यासाठी शब्द टाकायचा, असं ठरलेलं. आधी काम मिळालं ते बुटक्या मित्राला. आणि त्याने खरोखर शब्द टाकला, म्हणून आमचा नट आत गेला.

"बघ," दादा म्हणाले, "माणूस लहान, पण मन बघ केवढं!"

स्टुडिओने नटाचं नाव बदललं. दात घासून सरळ केले. कपाळावरचे केस उपटून कपाळ मोठं केलं. आणि सात वर्षांचा करार केला. हा भाग सांगताना मला मजा यायची, कारण तो करार आमच्या ओळखीचा होता. सात वर्षं नटाने दुसरीकडे काम करायचं नाही. स्टुडिओला वाटलं तर तो त्याला दुसऱ्या स्टुडिओला उसना देणार. त्याने एखादी भूमिका नाकारली तर त्याला घरी बसवणार, आणि जितके दिवस घरी बसवलं तितके दिवस कराराच्या शेवटी जोडणार. नट एकदा चिडून म्हणाला की मला सोडा, मी जातो. स्टुडिओचे मालक म्हणाले, जा की, फक्त या शहरात कुणी तुला दारात उभं करणार नाही.

दादा इतके हसले की त्यांना गाडी कडेला घ्यावी लागली. "म्हणजे ह्याचंसुद्धा एनओसी अडकलेलं होतं म्हणायचं!"

तेव्हा कतारमध्ये नोकरी बदलायची तर आधीच्या कंपनीचं ना-हरकत पत्र लागायचं. तेच एनओसी. कंपनीने ते दिलं तर दिलं. नाही दिलं तर गपचूप काम करत राहायचं, नाहीतर राजीनामा देऊन देश सोडायचा आणि दोन वर्षं परत पाऊल टाकायचं नाही. त्यामुळे नोकरी शोधतोय हे कुणी कुणाला सांगत नसे. जेवणाच्या टेबलावर माणसं पगारापासून पोटाच्या तक्रारींपर्यंत सगळं बोलायची, पण इंटरव्ह्यूचं नाव काढायची नाहीत. हा तिथला अलिखित नियम होता आणि तो मला पाठ होता.

त्या उन्हाळ्यात कंपनीने जाहीर केलं की टॉवरचं मुख्य बांधकाम संपत आलंय, तेव्हा कंपाउंडमधले व्हिला परत करणार. जे राहतील त्यांना बॅचलर स्टेटस. म्हणजे बायकामुलांनी भारतात जायचं आणि बाप्यांनी चार-चार जणांत एक फ्लॅट घेऊन राहायचं. पंचेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा ब्रह्मचारी होणार होतो. बाहेर स्वतः घर घ्यावं तर वर्ल्ड कपच्या नादात भाडी आमच्या आवाक्याबाहेर गेलेली. फक्त एक व्हिला शेवटच्या टप्प्यासाठी ठेवणार, कुणाचा ते ठरायचं होतं.

माझी मुलगी सहा महिन्यांची असताना मी पहिल्यांदा परदेशी गेलो होतो, आणि ती मला ओळखायला लागली तेव्हा तीन वर्षांची होती. पुन्हा ते नको, एवढंच मला कळत होतं. दोहातच मुशैरिबला एका दुसऱ्या कंपनीत जागा निघाली, फॅमिली स्टेटससकट. मी अर्ज केला. इंटरव्ह्यूचं बोलावणं सोमवारी सकाळचं आलं.

आणि तो आठवडा दादांच्या गाडीचा होता, माझी गॅरेजमध्ये दुरुस्तीला पडलेली.

आता माझी चूक सांगतो. मी आजारी आहे असं सांगून टॅक्सीने जाऊ शकलो असतो. दुसऱ्या कुणाची गाडी मागू शकलो असतो. पण सहा वर्षं ज्या माणसाशेजारी रोज पाऊण तास बसलो त्याच्याशी खोटं बोलायला माझी जीभ रेटेना. रविवारी, म्हणजे तिथल्या कामाच्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, संध्याकाळी घरी येताना मी त्यांना सगळं सांगितलं. कंपनी कुठली, पद कुठलं, सगळं. दादा म्हणाले, "अरे, माझी गाडीच घेऊन जा. मी येतो ऑफिसला कुणाबरोबर तरी." जुळलं तर कधी जाशील, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "गणपती झाले की लगेच."

सोमवारी इंटरव्ह्यू छान झाला. तिथे त्यांनी हाच प्रश्न विचारला तेव्हा मी, अर्थातच, महिन्याचं नाव सांगितलं. तुमच्या कंपनीचं एनओसी आणा, पत्र तयार ठेवतो, असं ते म्हणाले. मुशैरिबच्या त्या नव्याकोऱ्या गल्ल्यांतून मी दादांच्या गाडीकडे चालत आलो तेव्हा शीळ घालत होतो. एनओसी कसं मागायचं हेसुद्धा दादांनीच शिकवलं. "घाई करू नकोस. साहेबाचा मूड बघून पुढच्या आठवड्यात विषय काढ. मी सांगेन कधी ते." मी बरं म्हटलं.

त्याच शुक्रवारी मराठी मंडळात माझं व्याख्यान होतं. सुट्टीवर गेलेली कुटुंबं परतली होती आणि मंडळाने एका शाळेचा हॉल घेतला होता. विषय अर्थात माझा नट. ही कल्पना दादांचीच. "एवढं गाडीत एकट्याला सांगतोस, चार लोकांना सांग." गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या घरी रंगीत तालीम ठेवली. श्रोते तिघं: दादा, वहिनी आणि माझी बायको. पुढ्यात बटाटेवडे.

चरित्राची शेवटची दोन प्रकरणं मी गाडीत सांगितलीच नव्हती. मुद्दाम राखून ठेवली होती, चांगला घास शेवटाला ठेवावा तशी. त्यातलं पहिलं प्रकरण मी त्या संध्याकाळी वाचलं.

नट शेवटी हिरो झाला होता. ठरलेल्या हिरोचा पाय मोडला म्हणून संधी मिळाली आणि लोकांना कळलं की हा माणूस सातव्या रिळानंतरही बघवतो. आता त्याच्याकडे टेकडीवर घर होतं, बायको होती, दोन मुलं होती. आणि मग तो काळ आला, जेव्हा तिकडच्या सरकारने नटांना बोलावून विचारायला सुरुवात केली की तुझ्या ओळखीत कोण कोण लाल विचारांचं आहे, नावं सांग. नावं सांगितली तर तुझं काम चालू राहील. नाही सांगितली तर संपलं. नटाला बोलावणं आलं. लांब टेबल, प्रखर दिवे, समोर माईक. त्याने एकच नाव सांगितलं. बुटांच्या जोडातल्या मित्राचं. तो मित्र तरुणपणी दोन-चार सभांना गेला होता, तेही फुकट कॉफी मिळते म्हणून, आणि नट स्वतः त्याच्याबरोबर गेला होता. मित्राला त्यानंतर कुणी काम दिलं नाही. नट मात्र पुढे वीस वर्षं हिरो राहिला. बहुतेक वेळा गावाचा प्रामाणिक फौजदार म्हणून.

मी लिहिलं होतं: "आयुष्यभर ज्याने पडद्यावर मित्रासाठी गोळी झेलली, त्याने खरी वेळ आली तेव्हा मित्राला पुढे केलं. याला माझ्याकडे क्षमा नाही." वाचताना माझा आवाज चढला होता.

दादा "पुढे काय" म्हणाले नाहीत. त्यांनी वडा अर्धा खाऊन बशीत ठेवला.

"तेवढं बदल," ते म्हणाले. "फार कडक होतंय. मेलेल्या माणसाला आता कशाला फाशी देतोस?"

"मग काय लिहू? चांगलं केलं म्हणून?"

"तसं नाही रे. पण त्याला दोन पोरं होती. घर होतं. त्याच्या जागी आपण असतो तर, असं विचार ना लोकांना. आणि त्या बुटक्याचं कशाला लांबण लावतोस? लोक नटाचं ऐकायला येणार आहेत."

बायको म्हणाली, "मला तर आहे तेच आवडलं." पण दादा माझे मोठे भाऊ होते ना! रात्री जेवण झाल्यावर मी तो परिच्छेद खोडला आणि त्यांनी सांगितला तसा लिहिला. मित्राचं सगळं कापलं. त्यामुळे शेवटच्या प्रकरणाला जागाच उरली नाही, कारण ते नटाचं आणि मित्राचं मिळून होतं.

शुक्रवारी हॉल भरला होता. एनओसीच्या विनोदावर लोकांनी बाकं बडवली. आणि मग मी त्या दिव्यांच्या प्रसंगाशी आलो आणि आवाज मऊ करून म्हणालो, "मंडळी, क्षणभर त्याच्या जागी उभे राहा. घरात लेकरं आहेत. हातातलं सगळं एका शब्दावर टांगलं आहे. आपण तरी काय केलं असतं? मी तरी त्याला दोष देऊ शकत नाही."  पहिल्या रांगेत दादा चष्मा काढून डोळे पुसत होते. नंतर जोरदार टाळ्या पडल्या. दादा स्टेजवर चढले, मला मिठी मारली आणि म्हणाले, "मेल्या, रडवलंस." मला त्या क्षणी वडिलांची फार आठवण आली.

रविवारी सकाळी अकराला प्रोजेक्ट डायरेक्टरने मला बोलावलं. गोरा माणूस, निवृत्तीला टेकलेला, आवाज कधी न चढवणारा. त्याने मला बसायला सांगितलं, कॉफी मागवली आणि हसून म्हणाला, "सो, आफ्टर गनपॅटी, आय हिअर."

मी ते ऐकलं आणि पहिल्यांदा मला काहीच कळलं नाही. मग कळलं. त्या माणसाला गणपती म्हणजे खायची वस्तू आहे की गाव आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. मुशैरिबच्या कंपनीत मी तो शब्द उच्चारलेला नव्हता. बायकोशी आमचं "नोकरी मिळाली तर" याच्यापुढे बोलणं गेलं नव्हतं. तो शब्द मी जगात एकाच ठिकाणी बोललो होतो, दादांच्या गाडीत, डाव्या हाताला स्टेडियमच्या क्रेन दिसत असताना.

तो पुढे बोलत होता. एनओसी देणार नाही, वैयक्तिक घेऊ नकोस, प्लॅनिंगचा माणूस आत्ता सोडता येत नाही. मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं? तो सहज म्हणाला, मंगळवारी.

मंगळवारी. म्हणजे गुरुवारी बशीत अर्धा वडा ठेवणाऱ्या माणसाला ठाऊक होतं. म्हणजे शुक्रवारी मी जी वकिली केली ती त्या नटाची नव्हती. भरल्या हॉलसमोर, माईकवरून, माझ्याच तोंडाने मी दादांना माफ करून टाकलं होतं आणि त्यावर टाळ्याही मिळवून दिल्या होत्या. हातात आलेली नवी नोकरी गेली याचं दुःख नंतर झालं. त्या खुर्चीत मला लाज वाटली, अंगावर पाणी ओतल्यासारखी, आणि मग असा संताप आला की कॉफी तशीच सोडून मी उठलो.

तुम्ही म्हणाल, भांडायचं होतं. मलाही तसंच वाटलं होतं. रविवारी मी दुपारीच एकटा घरी निघून आलो होतो. सोमवारी सकाळी मी तोंडात शिव्यांची जुळवाजुळव करूनच बाहेर पडलो. आठवडा माझ्या गाडीचा होता. दादा नेहमीसारखे आले, बसले, पट्टा लावला. "काय रे मेल्या" म्हणाले नाहीत. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि रेडिओ लावला.

पाऊण तास तो अरबी निवेदक बोलत होता. दादा काचेबाहेर बघत होते. माझ्या सगळ्या शिव्या तशाच राहिल्या. आमचं भांडण झालंच नाही, आणि हेच मला अजून सलतं.

पंधरा दिवसांनी यादी लागली. एक व्हिला ठेवला होता तो दादांचा. वहिनी रडत आमच्याकडे आल्या. "भावजी, तुमचं नाव नाही हो यात," म्हणाल्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, याबद्दल मला आजही शंका नाही. बायकोला मी सांगितलं तेव्हा तिने एकदाच विचारलं, "तुमची खात्री आहे?" मग तिने उठून मधल्या फाटकाची कडी लावली.

गणपती झाले की मी जाणार होतो. गणपती झाले आणि बायको-मुलगी नाशकाला गेल्या. विमानतळावर माझ्या मुलीने, जिने सहा वर्षं माझ्याशी इंग्रजीत वाद घातले, माझी बाही धरली आणि मराठीत म्हणाली, "बाबा, तू पण चल ना." राजीनामा द्यावा असं तेव्हा फार वाटलं. पण नाशकात माझ्या वयाच्या प्लॅनिंग इंजिनियरला कोण दारात उभं करणार होतं? मी म्हटलं, "येतो. इन्शाल्ला." ती हसली नाही.

पुढची वर्षं मी तिघा अनोळखी माणसांबरोबर एका फ्लॅटमध्ये काढली. मोजे वाळत घालायला दोरीचा चौथा हिस्सा माझा. मुलगी फोनच्या पडद्यावर दहावी झाली, फोनच्या पडद्यावर तिला चष्मा लागला. मधल्या काळात तो एनओसीचा नियमच सरकारने काढून टाकला. बातमी वाचली त्या दिवशी फ्लॅटमध्ये तिघांनी पार्टी केली. मी माझ्या खाटेवर पडून राहिलो. मुलगी तेव्हा अकरावीत गेली होती आणि इकडे यायचं तिच्या मनातही नव्हतं.

दादा मंडळात भेटायचे. "कसा आहेस?" "बरा आहे." एवढंच. ते म्हातारे दिसायला लागले होते. त्याचा मला आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू.

मग वर्ल्ड कपचं वर्ष उजाडलं. उंच इमारतींवर खेळाडूंची चित्रं चढली, आणि आमच्या टॉवरच्या खाली ट्राम धावायला लागली. दादा निवृत्त होऊन चिपळूणला निघाले. मंडळाने त्याच शाळेच्या हॉलमध्ये निरोप ठेवला. चार दिवस आधी वहिनींचा फोन आला. "भावजी, ह्यांची एकच इच्छा आहे. तुमचं ते नटाचं भाषण पुन्हा ऐकायचंय. होतं तसंच करा म्हणतात."

होतं तसंच! मी फोन ठेवल्यावर खोलीत येरझाऱ्या घातल्या. मग पुस्तक काढलं आणि तीन संध्याकाळ बसून नवीन भाषण लिहिलं.

शुक्रवारी दादा पहिल्या रांगेत होते, खांद्यावर शाल, मांडीवर श्रीफळ. मी म्हटलं की नटाचं आयुष्य आपण ऐकलेलं आहे, आज त्याच्या मित्राचं सांगतो. आणि मी बुटक्याचं सांगितलं. बुटांचा जोड, वर्तमानपत्राचा बोळा, टाकलेला शब्द. मग ते दिवे, तो माईक, ते एक नाव. नाव जाहीर झालं ते त्याला न्हाव्याकडे बसून रेडिओवर कळलं. आदल्या आठवड्यात नटाच्या घरी तो जेवून आला होता आणि नटाने त्याला आग्रह करून वाढलं होतं. मग एका खिळेमोळ्यांच्या दुकानात अठरा वर्षं. गावातल्या थेटरात नटाचा सिनेमा लागला की बायको त्याला मुद्दाम दुसऱ्या रस्त्याने न्यायची. मी कुणाला दोष दिला नाही. आवाजही चढवला नाही. नाव सांगितलं गेलं तिथपासून शेवटपर्यंत मी फक्त पहिल्या रांगेत बघून बोललो.

 टाळ्या उशिरा आणि थोड्या पडल्या. निरोपाचा कार्यक्रम, लोकांना वाटलं असणार, याने भलतंच काय सुरू केलं.

जेवणाच्या रांगेत दादा माझ्याजवळ आले. शाल खांद्यावरून घसरत होती ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. इतक्या वर्षांनी त्यांनी मला तो प्रश्न विचारला.

"पुढे काय झालं रे? ते दोघं भेटले का पुन्हा?"

त्यांचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते. एकदा, फक्त एकदा मला वाटलं की सांगावं.

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही."

"बरं," दादा म्हणाले.  मग वहिनींनी हाक मारली म्हणून गेले.

ते भेटले होते. चरित्राचं शेवटचं प्रकरण तेच आहे. नट दवाखान्यात होता, हात थरथरत होते, कितीतरी दिवसांची दाढी वाढलेली, नर्सला हात लावू देत नव्हता. कारण न्हाव्याच्या पोराला वाईट दाढी सहन होत नाही. बुटका मित्र बसने दोन दिवसांचा प्रवास करून आला.  त्याने गरम पाणी मागवलं, बाही सरसावली आणि त्या खोलीत राहायचे तेव्हा नटानेच त्याला शिकवलं होतं तसं, गालाची कातडी ताणून, हळूहळू सगळी दाढी केली. नट पूर्ण वेळ रडत होता, आणि मित्र त्याला म्हणत होता, हलू नकोस, कापेल.

हे मी दादांसाठी राखून ठेवलं होतं. एका सकाळी डायव्हर्जनमध्ये अडकल्यावर सांगणार होतो. आता ते चिपळूणला असतात. दिवाळीला त्यांचा फोन येतो, मी घेतो, बरं आहे म्हणतो. त्यांनी पुन्हा विचारलं तरी मी नाहीच सांगणार.